जुनी आइस रिंक: डागडुजी, नूतनीकरण की नवी इमारत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परिसराची एकुलती एक आइस रिंक तीस-चाळीस वर्षांची होते आणि एखाद्या सभेत कुणीतरी विचारतं, "आता हिचं काय करायचं?" त्यानंतर जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. अशा समितीत मी काम केलं आहे. मशीन रूममध्ये उभं राहून गेजचे काटे पाहिले आहेत आणि चिडलेल्या पालकांची बोलणीही ऐकली आहेत. माझं मत आधीच सांगते: डोळ्यांना दिसतं त्याच्यापासून सुरुवात करू नका. रिंकचं आयुष्य बर्फाखाली, भिंतीमागे आणि छतात ठरतं.

रिंक चालू आहे, बर्फ जमतोय. मग हा विषय आत्ताच का काढायचा?

बर्फ जमतोय म्हणजे रिंक ठणठणीत आहे असं नाही. यंत्रणा थकली तरी बर्फ बनतच राहतो, फक्त त्यासाठी ती जास्त वेळ चालते. पूर्वी रात्री कॉम्प्रेसर बराच वेळ बंद राहायचा, आता थांबतच नाही. वापर तेवढाच आणि बिल मात्र चढतं.

दुसरी खूण सकाळी दिसते. पहिल्या सरावाच्या आधी बर्फावर वाकून पाहा. छतातून ठिबकलेलं पाणी गोठून बटणाएवढे उंचवटे झालेले असतात. ते एका ओळीत असले तर वर बघा, बहुतेक वेळा त्याच ओळीत तुळई असते. स्केटचं पातं त्यात अडकलं की मूल तोंडावर आपटतं.

शिवाय, आज विषय काढला तर बंद कधी ठेवायचं हे तुम्ही ठरवाल. नाही काढला तर ते चिलर, म्हणजे थंडी तयार करणारं यंत्र, ठरवेल, आणि तो ऐन हंगामातच बसतो, कारण सगळ्यात जास्त ताण त्याच्यावर तेव्हाच असतो.

रिंकमध्ये नेमकं जुनं काय होतं?

आधी रचना समजून घेऊ. बर्फाची जाडी साधारण २५ ते ४० मिलिमीटर. त्याच्याखाली काँक्रीटचा स्लॅब आणि स्लॅबमध्ये एकमेकांपासून सुमारे १० सेंटिमीटरवर टाकलेले पाइप. ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद रिंकचा हिशेब केला तर हे पाइप १६ किलोमीटरच्या आसपास भरतात. त्यांतून ब्राइन फिरते, म्हणजे कॅल्शियम क्लोराइडचं पाणी. काही ठिकाणी ग्लायकॉल असतं. ते शून्याखाली आठ-दहा अंशांवर असतं आणि तरीही गोठत नाही. बर्फातली उष्णता घेऊन ते चिलरमध्ये जातं. चिलरमध्ये ती उष्णता अमोनिया किंवा दुसरा गॅस उचलतो, कॉम्प्रेसर तो गॅस दाबतो आणि कंडेन्सर उष्णता बाहेर टाकतो.

या प्रत्येक भागाचं वय वेगळं. चिलर साधारण वीस-पंचवीस वर्षं, कंडेन्सर त्याहून थोडा कमी, कॉम्प्रेसर वेळच्या वेळी ओव्हरहॉल केला तर बराच जास्त. स्लॅब नीट बांधलेला असेल तर तीस वर्षांच्या पुढे जातो. म्हणून "रिंक किती वर्षांची?" या प्रश्नाला एक उत्तर नसतं. इमारत चाळीस वर्षांची, चिलर अठ्ठावीसचा आणि बर्फाभोवतीच्या कठड्याचे बोर्ड बारा वर्षांचे, असं सर्रास आढळतं.

पहिलं पाऊल कोणतं?

पर्यायांवर चर्चा नंतर. आधी तपासणी, आणि ती यंत्रणा विकणाऱ्या कंत्राटदाराकडून नको, स्वतंत्र अभियंत्याकडून हवी. तिच्यात छताचं आणि सांगाड्याचं स्ट्रक्चरल ऑडिट, चिलरच्या नळ्यांची जाडी, स्लॅबची पातळी, वायरिंग आणि जुन्या इन्सुलेशनमधल्या ॲस्बेस्टॉसचा शोध एवढं यायलाच हवं. ॲस्बेस्टॉस काम सुरू झाल्यावर सापडलं तर काम तिथेच थांबतं आणि अंदाजपत्रक कोलमडतं.

याच्याइतकाच महत्त्वाचा कागद मशीन रूममध्ये खिळ्याला टांगलेला असतो: ऑपरेटरचं लॉगबुक. मी एकदा पाच हंगामांची लॉगबुकं घेऊन बसले होते. "ब्राइन टाकी भरली" ही नोंद पहिल्या वर्षी दोनदा होती, पाचव्या वर्षी अकरा वेळा. एवढं मिठाचं पाणी कुठेतरी जात होतं. अहवालात ते "किरकोळ गळती" म्हणून एका ओळीत आलं होतं. रिंक सांभाळणाऱ्या माणसाला पहिल्याच बैठकीला बोलवा आणि त्याला आधी बोलू द्या. कुठला व्हॉल्व्ह हाताने धरून ठेवावा लागतो हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आमच्याकडे आर-२२ या थंड करणाऱ्या गॅसवर चालणारी यंत्रणा आहे. नुसता दुसरा गॅस भरून चालणार नाही का?

काही वर्षं ढकलता येतील, पण तो उपाय नव्हे. आर-२२ ओझोनच्या थराला मारक आहे, म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराखाली तो टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. विकसित देशांत २०२० पासून नव्या मालाचं उत्पादन आणि आयात जवळजवळ थांबली आहे. विकसनशील देशांसाठी मुदत २०३० पर्यंत आहे. जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला गॅस मिळतो, पण त्याच्या भरवशावर पुढची दहा वर्षं आखता येत नाहीत.

त्याच्या जागी भरायला जे मिश्र गॅस मिळतात, त्यांतले बरेच हवामानाला फार जड आहेत. आर-४०४ए हा गॅस एक किलो निसटला तर त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम सुमारे ३९०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा असतो. आर-२२ चा आकडा १८०० च्या आसपास आहे. शिवाय त्याच कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर हे गॅसही कमी करत न्यायचे आहेत. म्हणजे एका बंद होणाऱ्या गॅसवरून दुसऱ्या बंद होणाऱ्या गॅसवर उडी.

तुमच्या रिंकमध्ये गॅस थेट स्लॅबच्या पाइपांत फिरत असेल, तर गॅसचं प्रमाण कित्येक पट असतं आणि एखादी भेग सगळं रिकामं करू शकते. तिथे गॅसचा प्रश्न स्लॅबच्या प्रश्नापासून वेगळा काढताच येत नाही. दोन्ही एकत्रच ठरवावे लागतात.

अमोनिया धोकादायक आहे ना? मग तो ठेवायचाच कशाला?

धोकादायक आहेच आणि हे लोकांना स्पष्ट सांगायला हवं. कॅनडातल्या फर्नी गावच्या रिंकमध्ये १७ ऑक्टोबर २०१७ रोजी अमोनियाच्या गळतीत तीन जणांचा मृत्यू झाला. चिलर तीस वर्षांच्या पुढचा होता. त्याच्या नळीला छिद्र पडून अमोनिया ब्राइनमध्ये शिरत होता आणि ब्राइनमध्ये अमोनिया असल्याचं काही महिने आधी आढळलंही होतं. चिलर बदलण्याची शिफारस त्याच्याही आधी झाली होती आणि ते काम पुढे ढकललं गेलं होतं. हंगामासाठी यंत्रणा पुन्हा सुरू केली, दाब वाढला, ब्राइनच्या पाइपचा जोड निखळला आणि गॅस मशीन रूममध्ये भरला.

ही घटना मी प्रत्येक समितीला सांगते. अमोनिया वाईट आहे एवढाच तिचा अर्थ घेऊ नका. अंदाजपत्रकात "पुढच्या वर्षी बघू" असं लिहिलेली ओळ काय असू शकते, ते तिच्यात दिसतं.

अमोनियाच्या बाजूनेही सांगण्यासारखं आहे. तो कार्यक्षम आहे, स्वस्त आहे, ओझोनला अपाय करत नाही आणि तापमानवाढीत त्याचा वाटा शून्य. हवेत दहा लाखांत पाच-दहा भाग असला तरी नाकाला कळतो, म्हणजे तो स्वतःच इशारा देतो. दहा लाखांत ३०० भाग झाले की जिवाला तात्काळ धोका. आजच्या प्लेट चिलरमध्ये जुन्या चिलरच्या मानाने खूप कमी अमोनिया लागतो. वेगळी हवाबंद मशीन रूम, डिटेक्टर, आपोआप सुरू होणारा एक्झॉस्ट, बाहेरून बंद करता येणारं बटण आणि प्रशिक्षित ऑपरेटर एवढं असेल तर अमोनिया सांभाळता येतो. यातली एक जरी गोष्ट देता येणार नसेल, तर अमोनिया घेऊ नका.

मग कार्बन डायऑक्साइडवर चालणारी यंत्रणा?

हा आता हाताशी असलेला पर्याय आहे. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातल्या सेंट-जेदेऑं-द-बोस इथल्या रिंकने २०१० मध्येच तो स्वीकारला आणि बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगचा बर्फ याच गॅसवर जमवला होता. त्याचा मोठा फायदा उष्णतेत आहे. कंडेन्सरकडे जाणारा गॅस इतका तापलेला असतो की त्यावर अंघोळीचं आणि झांबोनीचं, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणाऱ्या गाडीचं, पाणी सहज गरम होतं. ज्या इमारतीला भरपूर गरम पाणी लागतं, तिथे हे गणित फार चांगलं बसतं.

अडचणी दोन. हा गॅस ३१ अंशांच्या वर द्रवरूप होत नाही, त्यामुळे उष्ण हवेच्या ठिकाणी कार्यक्षमता घसरते. आणि दाब प्रचंड असतो, १०० बारच्या आसपास, म्हणजे त्यासाठी पाइप आणि कारागीर दोन्ही वेगळे लागतात. याला वास नसतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, तेव्हा डिटेक्टर जमिनीलगत बसवायचे. जवळपास याची दुरुस्ती करणारं कुणी आहे का, हे सही करायच्या आधी विचारा.

स्लॅब फोडावाच लागेल का?

सगळ्यात महाग प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

बर्फाखालची थंडी वर जाते तशी खालीही जाते. स्लॅबखाली इन्सुलेशन आणि त्याच्याखाली जमीन गरम ठेवणारे पाइप नसतील तर वर्षानुवर्षं जमीन गोठत जाते. मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि स्लॅबला खालून ढकलतं. तुम्हाला वर काय दिसतं? बर्फाची जाडी मोजताना एका टोकाला ३० मिलिमीटर, मधे २०, दुसऱ्या टोकाला ७०. ऑपरेटर पाणी टाकून वरून सपाटी आणतो, पण जाड बर्फाला जास्त थंड ब्राइन लागते आणि पातळ जागी काँक्रीट उघडं पडायची भीती कायम राहते. रिंक पूर्वी हिवाळ्यापुरती चालायची आणि आता वर्षभर चालते, तिथे हा त्रास जास्त, कारण जमिनीला वितळायला वेळच मिळत नाही.

तरीही गळती दिसली म्हणून लगेच स्लॅबला हात घालू नका. बऱ्याचदा गळती स्लॅबमध्ये नसते. ती टोकाच्या चरात, हेडर पाइपांत (म्हणजे सगळे पाइप जिथे जोडलेले असतात त्या मुख्य पाइपांत) किंवा पाइप वळतात त्या जोडांत असते. मिठाच्या पाण्याने लोखंडी हेडर आधी गंजतात आणि ते स्लॅब न फोडता बदलता येतात. आधी पाइपांची दाबचाचणी, थर्मल कॅमेऱ्याने पाहणी आणि पातळीचं मोजमाप करून घ्या. सगळा स्लॅब काढायचा निर्णय त्यानंतर.

काढावाच लागला, तर नव्याने काय बांधलं जातं? तळाशी दाबून बसवलेली खडी, वाळूत जमीन गरम ठेवणारे पाइप, त्यावर इन्सुलेशनचा जाड थर, ओल अडवणारा पडदा आणि मग पाइप व सळ्यांसकट १२५ ते १५० मिलिमीटरचं काँक्रीट. काँक्रीट एका दमात, जोड न ठेवता ओतायचं असतं, त्यामुळे पहाटे सुरू झालेलं काम रात्रीपर्यंत चालतं. तेव्हा पाइपांत हवा भरून दाब कायम ठेवतात. कुणाचा बूट किंवा फावडं लागून पाइप चिरला तर गेजचा काटा लगेच खाली येतो आणि काँक्रीट ओलं असतानाच तो जोडता येतो. त्या दिवशी एका माणसाने फक्त गेजपाशी उभं राहावं, दुसरं काही करू नये.

स्लॅब काढणारच असाल तर रिंकचं माप बदलायची हीच संधी. काही देशांत ६० बाय ३० मीटरची रिंक चालते, काही ठिकाणी ६१ बाय २६ ची. अरुंद केली तर बाजूला प्रेक्षकांसाठी किंवा खोल्यांसाठी जागा निघते.

छताचं काय? गळत तर नाही.

गळत नसलं तरी ऑडिट करा. जर्मनीतल्या बाड राइखेनहालमध्ये २ जानेवारी २००६ रोजी आइस रिंकचं छत हिमाच्या भाराखाली कोसळलं आणि १५ जण गेले, त्यांत बहुतेक मुलं होती. ते छत लाकडी पेटीतुळयांचं होतं. त्यांचा चिकटा ओलाव्यात टिकणारा नव्हता आणि वर्षानुवर्षं तो ओलावा सोसून कमजोर झाला होता. रिंकमधली हवा इतर सभागृहांसारखी नसते. खाली बर्फ आणि वर गरम दमट हवा, म्हणून तुळयांवर दव धरतं. लाकूड सडतं, लोखंड गंजतं आणि दोन्ही खालून दिसत नाही.

त्यामुळे डीह्युमिडिफायर सुधारला की बाष्प कमी होतं, धुकं जातं, ठिबकणं थांबतं आणि सांगाड्याचं आयुष्य वाढतं. मला विचाराल तर जुन्या रिंकमध्ये हे सगळ्यात कमी कौतुक होणारं आणि सगळ्यात जास्त उपयोगी काम आहे.

वीजबिल कमी करायचं आहे, पण मोठा खर्च झेपणार नाही. काय करता येईल?

सुरुवात फुकटच्या उपायांनी. बर्फाची जाडी दर आठवड्याला मोजा आणि २५-३० मिलिमीटरवर आणा. फिगर स्केटिंगला पृष्ठभाग उणे ३-४ अंशांचा पुरतो, हॉकीला उणे ५-६ लागतो. मग दिवसभर हॉकीचंच तापमान कशाला? रात्री रिंक रिकामी असताना ते आणखी वर जाऊ द्या.

थोडा खर्च करता येत असेल तर छताखाली ॲल्युमिनियमचा चकचकीत पडदा लावा. सहसा यावर कुणाचा विश्वास बसत नाही. पण बर्फावर येणाऱ्या उष्णतेपैकी साधारण पाव भाग, कधी त्याहूनही जास्त, नुसत्या गरम छताकडून उत्सर्जित होऊन येतो. साधं छत ही उष्णता मुक्तपणे खाली सोडतं, चकचकीत पडदा तिच्यातला फार थोडा भाग सोडतो. कॉम्प्रेसरचं काम कमी होतं आणि प्रकाशही वाढतो. एलईडी दिव्यांमुळे बर्फावर पडणारी उष्णताही कमी होते, म्हणजे फायदा दोनदा.

आणि वाया जाणारी उष्णता. यंत्रणेला एक युनिट वीज दिली की ती सुमारे तीन युनिट उष्णता बर्फातून उचलते आणि चार युनिट बाहेर फेकते. ही उष्णता छतावरून आकाशात सोडायची आणि त्याच इमारतीत अंघोळीचं पाणी वेगळ्या बॉयलरवर तापवायचं, असं अजूनही किती ठिकाणी चालतं! जमीन गरम ठेवणं, झांबोनीचं पाणी, प्रेक्षकांच्या जागेतली ऊब, हे सगळं त्या उष्णतेवर होऊ शकतं.

झांबोनी बदलायची का?

ती गॅसवर चालत असेल आणि हवा खेळती नसेल, तर हो, विजेवरची घ्या. बंद इमारतीत इंजिनाचा धूर साचला की कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड वाढतात, आणि सगळ्यात जोरात श्वास घेत असतात ती खेळणारी मुलं. नवी येईपर्यंत हवेतले हे दोन वायू मोजणारं यंत्र तरी बसवाच.

बोर्ड आणि काचा?

जुने ताठ बोर्ड आणि हलणाऱ्या चौकटीवरचे नवे बोर्ड यांत खेळाडूच्या खांद्याला फरक कळतो. पण स्लॅबच्या आधी बोर्ड बदलू नका.

कपडे बदलायच्या खोल्यांवर खर्च करणं गरजेचं आहे का? खेळ तर बर्फावर होतो.

गरजेचं आहे, आणि याबाबतीत मी मागे हटत नाही. ऑलिंपिकमध्ये महिलांची आइस हॉकी १९९८ मध्ये नागानोला आली, पॅरालिंपिकमध्ये पॅरा आइस हॉकी १९९४ मध्ये लिलेहामरला. तुमची इमारत त्याच्या आधीची असेल तर ती आखताना या खेळाडूंचा विचारच झालेला नाही. परिणाम असा की मुलींचा संघ साठ्याच्या खोलीत, पाण्याच्या पाइपांखाली कपडे बदलतो. सामना संपल्यावर अंघोळ न करता ओल्या अंगाने बाहेर पडतो. अशा खोलीत दोन हंगाम काढून खेळ सोडलेल्या मुली मला माहीत आहेत.

पॅरा हॉकीला फक्त रॅम्प पुरत नाही. खेळाडू स्लेजवर बसलेला असतो, म्हणून त्याच्या बाकापर्यंतची जमीन बर्फाच्या पातळीला हवी, दाराला उंबरा नको आणि बाकासमोरचा बोर्ड पारदर्शक हवा, नाहीतर त्याला सामना दिसतच नाही. बोर्ड बदलताना हे जवळजवळ त्याच खर्चात होतं. नंतर करायचं म्हटलं तर वेगळी तोडफोड.

त्यापेक्षा नवीनच बांधलेलं बरं नाही का?

कधी कधी खरंच बरं. सांगाडा कमजोर, स्लॅब उचललेला आणि यंत्रणा संपलेली, अशी तिन्ही उत्तरं वाईट आली तर जुन्या इमारतीवर पैसे ओतत राहणं म्हणजे ठिगळाला ठिगळ लावणं. तिन्हींपैकी दोन चांगली असतील तर नूतनीकरणाकडे झुका. सांगाडा धडधाकट असणं ही मोठी पुंजी आहे, कारण नव्या इमारतीत बराच पैसा नेमका तिथेच जातो. मधल्या परिस्थितीत कागद-पेन्सिल घेऊन पंचवीस-तीस वर्षांचा हिशेब मांडावा लागतो: बांधकाम, वीज, दुरुस्ती, माणसं, मधल्या काळात बुडणारं भाडं आणि शेवटी जुनी इमारत पाडण्याचा खर्च. फक्त पहिल्या वर्षाचा आकडा पाहिला तर मलमपट्टीच नेहमी जिंकते.

नव्या इमारतीची एक जमेची बाजू सभेत कुणी बोलत नाही: ती दुसऱ्या जागी उभी राहत असेल तर जुनी रिंक शेवटच्या दिवसापर्यंत चालू राहते. आणि एक वजाबाजू: दुसरी जागा बहुधा गावाबाहेर असते. आज चालत किंवा सायकलने येणारं मूल उद्या गाडी असलेल्या पालकावर अवलंबून राहील. नकाशावर एक वर्तुळ काढा आणि आत्ताची किती मुलं त्या वर्तुळात राहतात ते मोजा.

शेजारी दुसरी रिंक जोडली तर?

मागणी खरी असेल तरच. एका मशीन रूमवर दोन रिंक चालवणं स्वस्त पडतं हे बरोबर. पण संध्याकाळी सहा ते नऊ सगळ्यांना बर्फ हवा असतो आणि दुपारी दोनला कुणालाच नको असतो. दुसऱ्या रिंकवरही दुपारी दोन वाजतातच. आधी वर्षभराचं वेळापत्रक तपासा. खूप ठिकाणी वेळ कमी नसते, तिची वाटणी चुकलेली असते.

प्लास्टिकचा बर्फ चालेल का?

सरावासाठी एखादा कोपरा, गोलरक्षकाचा सराव, गोलवर फटके मारण्याचा सराव यासाठी चालेल. पूर्ण रिंकला पर्याय म्हणून नाही. घर्षण जास्त असतं, पाती लवकर बोथट होतात आणि सरकण्याचं अंतर कमी पडतं.

काम चालू असताना संघांनी कुठे जायचं?

याचं उत्तर काम सुरू होण्याआधी लेखी हवं. नुसती यंत्रणा बदलायची असेल तर दोन हंगामांमधल्या सुट्टीत काम बसू शकतं. पण चिलर-कॉम्प्रेसरची ऑर्डर कित्येक महिने आधी द्यावी लागते. स्लॅब बदलायचा असेल तर बहुधा एक हंगाम जातो, कारण गोठलेली जमीन आधी वितळावी लागते आणि नवं काँक्रीट साधारण २८ दिवस मुरल्याशिवाय थंड करायचं नसतं. ही मुदत कमी करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

शेजारच्या रिंकशी वेळांचा करार, तात्पुरती उघड्यावरची रिंक, लहान मुलांसाठी जमिनीवरचा सराव, यांतलं जे जमेल ते करा. एका हंगामात खेळ सुटलेली सगळी मुलं परत येत नाहीत, म्हणून ही तरतूद प्रकल्पाच्या खर्चातच धरा.

पैसे एकदम नाहीत. टप्प्याटप्प्याने करता येईल का?

येईल. फक्त क्रम चुकवू नका. आधी जिवाचा धोका: छत, गॅस, वायरिंग, हवा. मग जे बंद पडलं तर रिंकच बंद पडेल ते: चिलर, हेडर, स्लॅब. मग जे दर महिन्याला पैसे खातं ते: पडदा, दिवे, उष्णतेचा वापर. खोल्या आणि प्रवेशमार्ग दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्याला जोडून घ्या, शेवटी ढकलू नका, कारण शेवटचा टप्पा बऱ्याचदा होतच नाही.

प्रत्येक टप्प्याला एक प्रश्न विचारा: पुढच्या टप्प्यात हे उखडावं लागेल का? मी होते त्या समितीने आधी दर्शनी भाग आणि लॉबी केली. सुंदर झाली होती. दोन वर्षांनी नवे ब्राइन पाइप आणायला त्याच लॉबीची फरशी फोडावी लागली. त्या ठरावाला मीही हात वर केला होता.

जुन्या इमारतीत १५-२० टक्के रक्कम अनपेक्षित कामांसाठी बाजूला ठेवा आणि ती कुठल्याही सुंदर कल्पनेसाठी वापरू देऊ नका.

लोकांचं मत कसं घ्यायचं?

आधी त्यांना मशीन रूम दाखवा, पाच-सहा जणांच्या गटाने, ऑपरेटरबरोबर. गंजलेला हेडर हाताने चाचपून आलेला माणूस सभेत वेगळं बोलतो. मग दोन किंवा तीनच पर्याय मांडा आणि त्यांत "काहीच न करणं" हा पर्यायही त्याच्या खऱ्या खर्चासकट असू द्या: वाढतं बिल, अचानक बंद पडण्याची शक्यता, विम्याच्या अटी. स्केटिंग न करणाऱ्यांनाही बोलवा, कारण पैसे त्यांचेही आहेत. सगळ्यांचा हिशेब पाहून रिंक बंद करायचं ठरलं, तर तेही मुद्दाम ठरवून, तारीख सांगून आणि मुलांची दुसरीकडे सोय करून व्हावं.

काम संपलं की लगेच खेळता येईल?

नाही, आणि या शेवटच्या आठवड्यात घाई करणाऱ्यांना आवरावं लागतं. नवा स्लॅब दिवसाला थोडेच अंश उतरवत हळूहळू थंड करायचा असतो, नाहीतर तो तडकतो. तो शून्याखाली गेला की पाण्याचा फवारा धुक्यासारखा बारीक मारतात, एक थर गोठला की दुसरा. मग पांढरा रंग, तोही फवाऱ्यानेच, कारण करड्या काँक्रीटवर पक, म्हणजे हॉकीची काळी चकती, दिसत नाही. त्यावर पुन्हा पाणी, मग दोऱ्या ताणून रेषा आणि वर्तुळं, मग पुन्हा थरावर थर. यात काही दिवस आणि काही रात्री जातात.

पहिला पूर्ण हंगाम कॉम्प्रेसरचे तास, ब्राइनचं येतं-जातं तापमान, बर्फाची जाडी आणि टाकीची पातळी रोज लॉगबुकात लिहा, एकही दिवस न चुकवता. हमीच्या काळात कंत्राटदाराशी बोलताना हीच वही उघडून समोर ठेवायची आहे.